चालू दिवाणी दाव्यात वकील बदलणे आणि समोरच्या वकिलांशी पत्रव्यवहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे महाराष्ट्र आणि गोव्यातल्या दिवाणी न्यायालयांत चालू असलेल्या दाव्यांपुरती आहेत. फौजदारी खटले, कुटुंब न्यायालय आणि ग्राहक आयोग यांचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत. खाली जागोजागी येणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: तुमचा वकील कोण, हे न्यायालय फाइलमधल्या वकीलपत्रावरून (वकील नेमल्याच्या सहीच्या लेखावरून) ठरवते. तोंडी "तुम्हाला काढलं" म्हटल्याने काहीच बदलत नाही आणि तारीख कुणासाठी थांबत नाही. बहुतेकांचे नुकसान इथेच होते.

१. दावा अर्ध्यावर आला आहे. आता वकील बदलता येतो का? कारण द्यावे लागते का?

येतो. कैफियत (दाव्याला प्रतिवादीचे लेखी उत्तर) दाखल होण्यापूर्वी, पुराव्याच्या वेळी, अगदी युक्तिवादाच्या टप्प्यावरही. जुन्या वकिलांनी ना-हरकत दिली तर न्यायालय कारण विचारत नाही. ना-हरकत नसेल तर मात्र अर्जात कारण लिहावे लागते (प्रश्न ३).

वेळ जपून निवडा. एखादी तारीख नुकतीच होऊन गेली असेल तर ती सर्वांत सोयीची, कारण नव्या वकिलांना फाइल वाचायला सवड मिळते. सर्वांत वाईट वेळ म्हणजे उलटतपासाच्या आदल्या दिवशी किंवा कैफियतीची मुदत संपत आलेली असताना. समन्स बजावल्यापासून कैफियतीला ३० दिवस असतात, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर हक्कच जातो. "वकील बदलतोय" म्हणून हे दिवस वाढत नाहीत.

२. नेमके काय काय करायचे, क्रमाने सांगा.

आधी स्वतःच्या दाव्याची स्थिती स्वतः पाहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि मागचे आदेश दिसतात. तिथे "एकतर्फी" किंवा "विनाकैफियत" असा आदेश दिसला तर आधी प्रश्न १४ वाचा, कारण त्याची मुदत आधीच सुरू झालेली असते.

दुसरे, नवे वकील आधी पक्के करा आणि जुन्यांना मग सांगा. अनेकजण रागाच्या भरात जुन्या वकिलांशी संबंध तोडतात आणि पुढच्या तारखेला न्यायालयात कुणीच उभे नसते. नव्या वकिलांना दाव्याची प्रत, कैफियत, तूर्तातूर्त मनाई अर्जावरचा (निशाणी ५, म्हणजे नि. ५) आदेश आणि न्यायालयाने काढलेले वादमुद्दे दाखवा. कागद पाहिल्याशिवाय कुणी फी सांगत असेल तर दोन दिवस थांबा.

तिसरे, जुन्या वकिलांची ना-हरकत घ्या. ती साधारणपणे नव्या वकीलपत्राच्याच समासात किंवा मागे लिहून घेतात: "वादीने वरील वकील नेमण्यास माझी हरकत नाही", खाली सही आणि तारीख. वेगळ्या कागदावर दिली तरी चालते.

चौथे, नवे वकीलपत्र. त्यावर तुमची सही, नव्या वकिलांची स्वीकृतीची सही, कोर्ट फी स्टॅम्प आणि वकील कल्याण निधीचा स्टॅम्प लागतो. नाव दाव्याच्या शीर्षकात जसे आहे तसेच लिहा. वकीलपत्रावर कोऱ्या जागा ठेवून सही करू नका; दावा क्रमांक, न्यायालय आणि पक्षकाराचे नाव आधी भरून घ्या.

शेवटी, वकीलपत्र दाखल झाल्यावर रोजनाम्यात (दाव्यातल्या प्रत्येक तारखेच्या कामाच्या नोंदीत) त्याची नोंद झाली का ते पाहा. ही पायरी कुणी करत नाही. दोन-तीन दिवसांनी ऑनलाइन वकिलांच्या नावाच्या रकान्यात अजून जुनेच नाव दिसत असेल तर नव्या वकिलांना बेंच क्लार्ककडे चौकशी करायला सांगा. यादी पुकारताना नाव जुन्यांचेच निघते आणि गोंधळ होतो.

३. जुने वकील ना-हरकत द्यायला तयार नाहीत. अडकलो का?

नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) नियम ३९ प्रमाणे, आधीच वकीलपत्र असलेल्या दाव्यात दुसऱ्या वकिलाने पहिल्याच्या संमतीशिवाय उभे राहू नये. पण त्याच नियमात वाट दिलेली आहे: संमती मिळत नसेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४(२) मध्येही वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने, पक्षकाराच्या सहीच्या लेखाने संपवता येते.

व्यवहारात असे करा. जुन्या वकिलांना छोटे, सभ्य पत्र पाठवा: वकीलपत्र रद्द करत आहे, सात दिवसांत ना-हरकत व कागद द्यावेत. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, त्यामुळे स्पीड पोस्टाने पाठवून पोच घ्या, शिवाय ईमेलही करा. उत्तर आले नाही तर पत्राची प्रत, पावती आणि नवे वकीलपत्र जोडून परवानगीचा अर्ज द्या, सोबत प्रतिज्ञापत्र. अर्जात जुन्या वकिलांवर आरोपांची जंत्री लावू नका. "परस्परविश्वास राहिलेला नाही" एवढे वाक्य पुरते. आरोप केले की जुने वकील उत्तर द्यायला उभे राहतात आणि दोन तारखा त्यातच जातात.

४. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवली आहे. हे चालते का?

चालत नाही. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद रोखून धरता येत नाहीत आणि तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. फीसाठी वकिलाने वेगळी कायदेशीर वाट धरावी.

पण फाइलसाठी महिनोन्‌महिने भांडत बसू नका. न्यायालयात दाखल झालेले सगळे काही नकला विभागातून मिळते: दावा, कैफियत, अर्ज, आदेश, साक्षी, रोजनामा. तुम्ही पक्षकार आहात, अर्ज करून फी भरली की नक्कल मिळते. नवे वकील फाइलचे निरीक्षणही करू शकतात. झगडायचे ते फक्त अशा कागदांसाठी जे कुठेच दाखल नाहीत: मूळ खरेदीखत, जुन्या पावत्या, मोजणीचे नकाशे, सहीचे मूळ करारपत्र. त्यांची नावनिशीवार यादी करून, लेखी मागणी करा. आणि मूळ कागद परत घेताना पोच देणार असाल तर त्यातली यादी जुळवूनच सही करा.

५. दिलेल्या फीचे काय?

भारतीय विधिज्ञ परिषदेचा नियम १२ (पुढे "आदेश" न लिहिता नुसता नियम क्रमांक दिला असेल तर तो याच परिषदेचा) म्हणतो की, वकील स्वतःहून बाजूला झाला तर न कमावलेली फी त्याने परत करावी. तुम्ही काढले असेल तर झालेल्या कामाचा हिशेब करून बोला. टप्प्याप्रमाणे फी ठरली होती आणि ते लिहिलेले होते, तर प्रश्न पटकन मिटतो. म्हणून नव्या वकिलांशी फी ठरवताना दावा दाखल, नि. ५, पुरावा, युक्तिवाद असे टप्पे एका कागदावर मांडून घ्या. निकालातल्या रकमेची टक्केवारी फी म्हणून ठरवणे नियमाने मना आहे.

६. मी वकील बदलला, पण समोरच्यांनी अर्जाची प्रत जुन्या वकिलांनाच दिली. ती मला मिळाली असे धरतात का?

नवे वकीलपत्र नोंदले जाईपर्यंत, होय. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ५ प्रमाणे वकिलावर झालेली बजावणी ही पक्षकारावर झालेलीच मानतात. मधल्या काळात जुन्यांच्या कार्यालयात येऊन पडलेला अर्ज तुम्हाला दिसलाच नाही, तरी "म्हणणे" (अर्जावरचे लेखी उत्तर) देण्याची मुदत चालूच राहते.

म्हणून वकीलपत्र दाखल झाले त्याच दिवशी नव्या वकिलांनी समोरच्या वकिलांना दोन ओळींचे पत्र द्यावे आणि यापुढच्या प्रती कुठे द्यायच्या ते कळवावे. तुमचा स्वतःचा पत्ता बदलला असेल तर आदेश ६, नियम १४-अ खाली नोंदवलेला पत्ताही बदलून द्या. घर बदलले, पण न्यायालयातला पत्ता पंधरा वर्षांपूर्वीचा, हे फार वेळा घडते.

७. जुन्या वकिलांनीच "नो इन्स्ट्रक्शन" पुरसिस (पक्षकाराकडून सूचना नाहीत, असे न्यायालयाला लेखी निवेदन) दिली. मला काही कळवलेच नाही.

नियम १२ प्रमाणे वकिलाने पुरेसे कारण असल्याशिवाय आणि पक्षकाराला वाजवी नोटीस दिल्याशिवाय बाजूला होऊ नये. मलकियत सिंग विरुद्ध जोगिंदर सिंग (१९९८) या प्रकरणात, वकिलाने सूचना नाहीत असे सांगितल्यावर पक्षकाराला नोटीस न काढता केलेला एकतर्फी आदेश सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही.

हे माहीत असू द्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. तुम्ही वर्षभर वकिलांना भेटला नाहीत, फोन उचलला नाहीत आणि नोटीस जुन्या पत्त्यावरून परत आली, असे रेकॉर्डवर आले तर सहानुभूती आटते. पुरसिस कळताच नव्या वकिलांमार्फत हजर व्हा. तिथे ना-हरकतीचा प्रश्न सहसा उरत नाही, कारण जुने स्वतःच बाजूला झालेले असतात.

८. समोरच्या वकिलांना मी स्वतः फोन करू शकतो का?

तुम्हाला मनाई करणारा नियम नाही. नियम वकिलांवर आहे: नियम ३४ प्रमाणे, ज्या पक्षकाराला वकील आहे त्याच्याशी वादाच्या विषयावर बोलायचे ते त्याच्या वकिलामार्फतच. म्हणून चांगले वकील तुमचा फोन आल्यावर "तुमच्या वकिलांना सांगा" म्हणून ठेवून देतील. त्यांचा उद्धटपणा समजू नका.

शिवाय तुम्ही त्यांना जे सांगाल त्याला गोपनीयतेचे संरक्षण नाही. वकील-पक्षकार संवादाचे संरक्षण (आता भारतीय साक्ष अधिनियम, २०२३, कलम १३२) तुमच्या आणि तुमच्याच वकिलांमधल्या बोलण्याला आहे. वकील बदलल्यानंतरही जुने वकील त्याला बांधील राहतात. "पैसे घेतले होते हो, पण एवढे नाही" हे समोरच्या वकिलांना फोनवर सांगितलेत तर ते पुढे उलटतपासात तुमच्याच समोर येऊ शकते.

दोन पक्षकारांनी आपापसात बोलायला काही हरकत नाही. भाऊबंदकीतले कित्येक दावे शेवटी असेच मिटतात.

९. समोरचे वकील मलाच फोन करून तडजोडीचा आग्रह धरतात. काय करू?

तुमच्यातर्फे वकीलपत्र असेल तर ते नियम ३४ च्या विरुद्ध आहे. एकच वाक्य बोला, "आमच्या वकिलांशी बोला", आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. पुन्हा फोन आला तर तुमच्या वकिलांनी त्यांना लेखी कळवावे. तुम्ही स्वतःच दावा चालवत असाल, किंवा जुन्यांचे वकीलपत्र संपून नवे दाखल व्हायचे असेल, तर ते तुमच्याशी बोलू शकतात. त्या फटीत कशावरही सही करू नका.

१०. समोरच्या वकिलांना पत्र कसे लिहावे?

शक्यतो तुमच्या वकिलांमार्फत. स्वतः दावा चालवत असाल तर छोटे आणि एकाच विषयाचे. नमुना (रे. मु. नं. म्हणजे नियमित दिवाणी दाव्याचा क्रमांक):

"प्रति, ॲड. ______, वादीतर्फे.
रे. मु. नं. ___/२०__, पुढील तारीख ______.
आपल्या पक्षकारांनी दाव्यात परिच्छेद ६ मध्ये उल्लेखलेल्या करारनाम्याची पाहणी आदेश ११, नियम १५ प्रमाणे द्यावी. पाहणीची वेळ व ठिकाण कळवावे. न कळवल्यास न्यायालयात अर्ज करू."

एवढेच. दाव्याच्या गुणदोषांवर वाद नको, दमदाटी नको, "तुमचा पक्षकार लबाड आहे" नको. हे पत्र उद्या न्यायाधीश वाचतील असे धरून लिहा, कारण बऱ्याचदा ते दाखल होतेच. दस्तऐवज कबूल करण्याची नोटीस द्यायची असेल तर आदेश १२, नियम २ आहे. तिला उत्तर द्यायला सात दिवस मिळतात. अशी नोटीस तुम्हाला आली तर पत्र म्हणून बाजूला ठेवू नका. उत्तर न दिल्यास तो दस्तऐवज कबूल धरला जाऊ शकतो किंवा तो शाबीत करण्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो.

तडजोडीचा प्रस्ताव नेहमी वेगळ्या पत्रात, "हक्कास बाधा न येता" असे शीर्षस्थानी लिहून. साक्ष अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे, दिवाणी प्रकरणात पुराव्यात न वापरण्याच्या अटीवर दिलेली कबुली वापरता येत नाही. मात्र हे शब्द साध्या मागणीच्या पत्रावर छापून उपयोग नाही. आत खरोखर तडजोडीचे बोलणे हवे. पाहणीची मागणी आणि तडजोड एकाच पत्रात मिसळली की ते पत्र न्यायालयात दाखवायचे की नाही, यावरूनच वाद सुरू होतो.

११. व्हॉट्सॲपवर पाठवलेले चालते का?

तारीख कळवणे, प्रतीचा फोटो पाठवणे यासाठी चालते. हक्काचा प्रश्न असेल तिथे ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही वापरा, आणि अर्जाची प्रत दिल्यावर कागदावर "प्रत मिळाली" अशी सही घ्या. संदेश पुराव्यात दाखल करायचे झाले तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. फोन बदलताना जुने संदेश पुसू नका.

१२. जुन्या वकिलांनी समोरच्यांना शब्द दिला होता, पुरसिसही दिली. नवे वकील ते मागे घेऊ शकतात का?

रेकॉर्डवर आलेली पुरसिस किंवा वस्तुस्थितीची कबुली वकील बदलल्याने पुसली जात नाही. ती मागे घ्यायची तर अर्ज करून, कारण देऊन, आणि यश क्वचित मिळते. कायद्याच्या मुद्द्यावर चुकून दिलेली कबुली वेगळी. तिचे बंधन पक्षकारावर नसते. हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटी विरुद्ध बलवान सिंग (२०१५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, पक्षकाराच्या हक्कावर परिणाम करणारी सवलत वकिलाने स्पष्ट सूचनेशिवाय देऊ नये.

तडजोडपत्राचे काय? आदेश २३, नियम ३ प्रमाणे ते लेखी व पक्षकारांच्या सहीचे हवे, पण वकीलपत्रात अधिकार असेल तर वकिलाची सही चालते, असे १९९१ पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे मत आहे. आपल्याकडच्या छापील वकीलपत्रात "तडजोड करणे" हा अधिकार बहुधा असतोच. तो नको असेल तर सहीपूर्वी ती ओळ खोडून बाजूला सही करा.

१३. आमचे वकील समोरच्या वकिलांबरोबर चहा पितात. फुटले असतील का?

एवढ्यावरून तसे मानू नका. एकाच बाररूममध्ये वर्षानुवर्षे बसणारी ही माणसे आहेत, आणि त्यांचे बोलणे चालू असले की प्रती वेळेवर मिळतात, साक्षीदाराची तारीख जुळते. संशय असेल तर रोजनामा वाचा. तुमचे वकील सलग गैरहजर, समोरच्यांच्या अर्जावर म्हणणेच नाही, तुम्हाला न विचारता "हरकत नाही" लिहिलेले: हे दिसले तर काळजीचे कारण आहे.

१४. जुन्या वकिलांच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला. आता?

घाई करा. प्रतिवादीसाठी आदेश ९, नियम १३ चा अर्ज, मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्सच नीट बजावले नसेल तर माहिती झाल्यापासून ३० दिवस. वादीचा दावा गैरहजेरीमुळे काढून टाकला गेला असेल तर त्याच आदेशाचा नियम ९, मुदत तितकीच. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निष्पाप पक्षकाराला नको, हे रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि प्रत्येक अर्जात त्याचा हवाला असतो. पण आता न्यायालये पुढचा प्रश्न विचारतात: तुम्ही स्वतः काय चौकशी केलीत? वकिलांना पाठवलेले संदेश, भेटींच्या तारखा, फी भरल्याच्या पावत्या जोडल्या तर अर्जात जीव येतो.

१५. नवे वकील म्हणतात, साक्षीदाराचा उलटतपास पुन्हा घेऊ, दावाही दुरुस्त करू. होईल?

फक्त वकील बदलला या कारणावर नाही. साक्षीदाराला पुन्हा बोलावण्याचा अधिकार न्यायालयाला आहे (आदेश १८, नियम १७), पण जुन्या उलटतपासातल्या फटी बुजवण्यासाठी तो वापरत नाहीत. दुरुस्तीसाठी आदेश ६, नियम १७ पाहा: पुरावा सुरू झाल्यावर, योग्य दक्षता घेऊनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता हे दाखवावे लागते. तहकुबीचेही तसेच. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत हे कारण आदेश १७ मध्ये स्पष्टपणे नाकारलेले आहे.

१६. आम्ही तीन भावंडे एकाच वकिलांकडे. मला एकटीला वकील बदलायचा आहे.

तुमच्यापुरते वकीलपत्र संपवता येते. प्रक्रिया प्रश्न २ प्रमाणेच. अर्जात "वादी क्र. ३ पुरते" असे स्पष्ट लिहा, नाहीतर तिघांचेही वकीलपत्र गेले असा घोळ होतो. अवघड भाग पुढे आहे. तुमचे आणि भावांचे हितसंबंध आता विरुद्ध असतील, तर त्या वकिलांनी तुमच्याविरुद्ध भावांची बाजू मांडण्याला तुम्ही हरकत घेऊ शकता.

१७. माझे जुने वकील आता समोरच्यांतर्फे उभे राहिले.

नियम ३३ ने हे थेट मना आहे: ज्या पक्षकाराला त्या कामात सल्ला दिला किंवा ज्याचे दाव्याचे कागद तयार केले, त्याच्याविरुद्ध वकिलाने उभे राहू नये. पहिल्याच तारखेला हरकतीचा अर्ज द्या, सोबत जुने वकीलपत्र किंवा त्यांच्या सहीची नोटीस. वर्षभर गप्प बसून निकाल विरुद्ध गेल्यावर ही तक्रार काढली तर तिला वजन राहत नाही.

१८. मी परदेशात असतो. वकील कसा बदलू?

कुलमुखत्याराने नवे वकीलपत्र सही करून देता येते, पण मुखत्यारपत्रात वकील नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार लिहिलेला हवा. मुखत्यारपत्र परदेशात केले असेल तर भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. ही मुदत चुकवणारे अनेक आहेत. जुन्या वकिलांना पत्र मात्र तुमच्या सहीने जाऊ द्या, मुखत्याराबद्दलच शंका काढायला जागा राहत नाही.

१९. वकील वारले. त्यांचे ज्युनियर काम पाहतात, चालेल?

वकिलाच्या मृत्यूने त्यांचे वकीलपत्र संपते. ज्युनियरचे नाव आणि सही मूळ वकीलपत्रात असेल तर ते पुढे चालवू शकतात, नसेल तर नवे हवे. ना-हरकतीचा प्रश्न नाही. मूळ कागद कार्यालयातून लवकर ताब्यात घ्या. कार्यालय आवरले गेले की ते शोधणे कठीण होते.

२०. विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील बदलून मिळतो का?

मिळतो, तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून. त्या वकिलांनी तुमच्याकडे पैसे मागितले असतील तर तेही लिहा. त्यांना ते घेता येत नाहीत. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. देशभरचा मदत क्रमांक १५१००.

२१. जुन्या वकिलांविरुद्ध तक्रार कुठे करायची? ग्राहक मंचात जाता येते का?

ग्राहक आयोगात नाही. १४ मे २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे जाते. शिस्तपालन समितीने ती एक वर्षात निकाली काढायची असते, नाहीतर ती भारतीय विधिज्ञ परिषदेकडे वर्ग होते.

दावा हरलो ही तक्रार होऊ शकत नाही. फाइल अडवणे, तुमच्यासाठी वसूल झालेली रक्कम न देणे, समोरच्यांशी संगनमत, खोटी तारीख सांगणे या तक्रारी होतात, आणि प्रत्येकीला कागद लागतो. तक्रार आणि दावा हे दोन वेगळे रस्ते आहेत. तक्रारीमुळे दाव्यातला आदेश बदलत नाही. म्हणून आधी नवे वकीलपत्र दाखल करा, पुढची तारीख सांभाळा, आणि तक्रार त्यानंतर लिहायला घ्या.